मावशीच्या पिशवीतला शर्ट

आज ३१ ऑगस्ट, विमुक्त दिन, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमाती त्या शिक्क्यातून मोकळ्या झाल्या तो दिवस. मिरजेत दर्ग्याजवळ एका घरी आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. मौलाना, चर्चचे फादर, दोन वारकरी काका, विहारातल्या ताई. बोलणं अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर चाललं होतं. २०२० साली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिसानं नऊ मिनिटांहून जास्त वेळ दाबून धरलेला गुडघा. १९६५ साली सेल्मामध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत चाललेले ज्यू धर्मगुरू हेशेल.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पारधी मावशी म्हणाल्या, "आमच्यात पण असंच हाय की वो."

गावात चोरी झाली की गाडी आधी त्यांच्या पालावर. पोराला रात्री उचललं, तीन दिवसांनी सोडलं. पिशवीतून त्यांनी त्याचा शर्ट काढला. धुऊन घडी घातलेला, खांद्यावर फाटलेला, लाल दोऱ्यानं शिवलेला. तो शर्ट हातात घेतला आणि मला बोलताच येईना.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो रद्द झाला, तरी संशय अजून जात विचारूनच सुरू होतो. याचा मला मनापासून राग येतो.

डी. के. बसू खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल पोलिसांना सांगतो: अटकेची नोंद साक्षीदाराच्या सहीनिशी, नातेवाइकांना खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. मौलानांनी सावकाश वाचून दाखवलं, वारकरी काकांनी वहीत उतरवून घेतलं. मंगळवारी ती वही घेऊन आम्ही सगळे पालावर जाणार आहोत.