तुम्ही विचारलंत म्हणून: खेळणं संपलं, मग तो अजून मैदानावर काय करतो?

पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला, आणि इथे अमेरिकेत मंडळाच्या गणपतीतही कुणी ना कुणी विचारतंच. विचारण्यामागे काळजी असते, हे मला कळतं. माझ्या मुलाने पंचविशी ओलांडलेली, पदवी हातात, आणि काम काय, तर कॉलेजच्या बेसबॉल संघाचा असिस्टंट कोच. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

तो कॉलेजात कॅचर होता. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून पिचरचे, म्हणजे गोलंदाजाचे, चेंडू झेलणारा, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर समजा. 2021 मध्ये त्याचं कॉलेज संपलं. मेजर लीग म्हणजे इथली सर्वांत वरची व्यावसायिक बेसबॉल लीग, आणि तिचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. त्यात 2019 पर्यंत 40 फेऱ्या असायच्या, 2021 पासून 20 झाल्या. संघ तीस. म्हणजे सगळ्या देशातून सहाशेच्या आसपास मुलं घेतली जाणार, आणि नुसत्या डिव्हिजन वनमध्येच, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटात, बेसबॉल खेळणारी तीनशेच्या आसपास कॉलेजं. त्याचं नाव आलं नाही. त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका कॉलेजाने कोच म्हणून बोलावलं आणि तो गेला.

करतो काय, हे पाहायचं असेल तर सामन्याच्या तासभर आधी मैदानावर जावं. कोचच्या हातात फंगो नावाची बॅट असते, नेहमीच्या बॅटपेक्षा बारीक आणि हलकी. एका हाताने चेंडू वर उडवायचा, दोन्ही हातांनी मारायचा, आणि हव्या त्या फील्डरकडे, हव्या त्या उसळीने पाठवायचा. सराव संपता संपता कॅचरसाठी चेंडू मारतात, होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाजवळच्या जमिनीतल्या पाटीच्या, डोक्यावर सरळ आभाळात. नीट मारायला हाच सगळ्यांत अवघड. चेंडूच्या खालच्या कडेला बॅटचा इतका पातळ स्पर्श व्हावा लागतो की जरा चुकलं की चेंडू पुढे तरी जातो नाहीतर मागे जाळीत. आमच्या मुलाचा चेंडू सरळ वर जातो, आणि तो तसा जावा म्हणून रिकाम्या मैदानावर एकट्याने मारत बसलेला मी त्याला पाहिलंय.

खाली उभ्या कॅचरला तो काय शिकवतो, तेही ऐकण्यासारखं आहे. असा चेंडू फिरकीमुळे उतरताना मैदानाच्या आत वळतो. म्हणून कॅचरने मैदानाकडे पाठ करायची, म्हणजे चेंडू त्याच्याकडे येतो, त्याच्यापासून पळत नाही. मास्क काढून हातात धरायचा, चेंडू नक्की दिसला की मगच लांब फेकायचा. आधी फेकला तर त्यावरच पाय पडतो. अठरा वर्षांच्या पोराला हे अंगवळणी पडायला महिने लागतात. ते होईपर्यंत न चिडता, न कंटाळता रोज तेच सांगणं, हे त्याचं काम.

शिवाय पावसात ताडपत्री ओढणं, बस ठरवणं, पिचर्सच्या चेंडूंचे व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत बघणं. नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूंचा सराव आठवड्याला 20 तासांच्या आतच ठेवावा लागतो. कोचच्या तासांना असली मर्यादा नाही.

उन्हाळ्यात कॉलेज रिकामं असतं तेव्हा तो नवी मुलं हेरायला फिरतो. जॉर्जियात एमर्सन गावाजवळ लेकपॉइंट नावाचं मोठं क्रीडा संकुल आहे, तिथे शाळकरी मुलांच्या स्पर्धा चालतात आणि जाळीमागे कोच रडार गन आणि स्टॉपवॉच घेऊन बसतात. कॅचरच्या हातात चेंडू आदळल्यापासून त्याने फेकलेला तो चेंडू दुसऱ्या बेसवरच्या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत साधारण दोन सेकंद लागले तर मुलगा चांगला. अंतर 127 फूट. मग त्या मुलांच्या आईवडिलांशी बोलणं. कित्येकांना वाटतं, निवड झाली म्हणजे फी माफ. 2024-25 पर्यंत डिव्हिजन वनच्या संघाला 11.7 पूर्ण शिष्यवृत्त्यांइतके पैसे द्यायची मुभा होती, आणि ते जास्तीत जास्त 27 मुलांत वाटायचे. आता तो नियम बदललाय, पण पैसे कुठून किती येणार हे घरच्यांना खरं खरं सांगायचं काम आजही त्याच्याकडेच. आम्हीही त्याची बरीचशी फी स्वतःच भरली होती, त्यामुळे समोरच्या आईचा चेहरा त्याला वाचता येतो.

आता पगाराचं, कारण खरा प्रश्न बहुतेक तोच असतो. पहिली दोन वर्षं पगार नव्हता. कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे हेड कोचबरोबर दोनच असिस्टंट पगारी, तिसरा स्वयंसेवक. काम पूर्ण वेळ, पगार शून्य. उन्हाळी शिबिरं आणि शाळकरी मुलांच्या शिकवण्या, यावर ही माणसं तगून राहायची. हा अन्याय होता असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. अशा कोचेसनी एनसीएएविरुद्ध खटला भरला. 1 जुलै 2023 पासून ते पद रद्द झालं आणि तिसऱ्यालाही पगार देता येऊ लागला. परवानगी आहे, सक्ती नाही. त्याच्या कॉलेजाने जागा मंजूर केली म्हणून त्याचा पगार सुरू झाला. भावंडांइतका नाही. घरभाडं देऊन थोडा मागे उरतो.

"पुढे काय?" याला मी टोनी व्हिटेलोंचं नाव सांगते. मिझुरी विद्यापीठात साधे खेळाडू, मग मिझुरी, टीसीयू आणि आर्कान्सा या विद्यापीठांत मिळून पंधरा वर्षांच्या आसपास असिस्टंट. 2017 मध्ये टेनेसी विद्यापीठाचे हेड कोच झाले, 2024 मध्ये ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, जिंकली, आणि 2025 मध्ये मेजर लीगच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्यांना थेट मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, केलं. दुसरे वेस जॉन्सन. 2022 च्या हंगामाच्या मध्यावर मेजर लीगच्या मिनेसोटा ट्विन्स संघाची पिचिंग कोचची जागा सोडून ते एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठात, असिस्टंट म्हणून आले. पुढच्या वर्षी एलएसयू विजेतं ठरलं आणि त्यांच्या हाताखालचा पिचर पॉल स्कीन्स ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. मेजर लीगमधला माणूस कॉलेजात दुय्यम जागेवर येतो, यावरून त्या जागेची किंमत कळावी.

पण ही नावं ऐकणाऱ्याला धीर यावा म्हणून. बहुतेक असिस्टंट कोच हेड कोच होत नाहीत, आणि झालेच पाहिजेत असं मला वाटत नाही. मुलगा रोज सकाळी ज्या कामासाठी उठतो ते त्याला येतं, आवडतं, आणि त्याने शिकवलेली पोरं त्याला लग्नाची आमंत्रणं पाठवतात. डॉक्टर झालेल्या भाचीइतकंच मी त्याच्याबद्दल ताठ मानेने बोलते.

आणि हो, त्याला फोन करायचा असेल तर फेब्रुवारी ते मे शक्यतो सोमवारी करा. शुक्रवार ते रविवार सामने असतात, मंगळवारी बऱ्याचदा आणखी एक. सोमवारी सुट्टी असते, आणि मराठीत बोलायला त्याला आवडतं.