ताटाच्या कडेचं पान

कढईत तेल तापलेलं असतं, मोहरी तडतडायच्या बेतात असते, आणि नेमकं तेव्हाच आठवतं की कढीपत्ता आणायचा राहिला. गॅस बारीक करून गॅलरीत धाव. हात डहाळीपर्यंत जातो आणि थबकतो, कारण पानावर चिमणीने घाण केलेली असते. ओलसर, काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा. शेजारची डहाळी तोडावी म्हणून हात वळवला, की ती घाण पानाच्या टोकाकडे सरकते.

ही कॉमन मॉर्मन नाहीतर लिंबू फुलपाखराची अळी. लहानपणी दोघींची रूपं इतकी सारखी असतात की भल्याभल्यांची गल्लत होते, आणि फोडणीच्या घाईत ती ओळखायची गरजही नसते. पक्ष्याला आपलीच विष्ठा खायची हौस नसते, हे त्या सोंगामागचं गणित. म्हणूनच ती अळी पानाखाली लपत नाही, दिवसाढवळ्या पानावर मधोमध ठाण मांडून बसते.

हे फुलपाखरू तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुंडीपर्यंत पोचतं कसं? वासाने आणि पायाने. कढीपत्त्याचं पान उन्हाकडे धरून बघावं, त्यात सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. लिंबाच्या पानात त्या असतात, बेलाच्या पानातही असतात. तिघं एकाच कुळातले. झाडाने हे तेल बनवलं ते किड्यांनी दूर राहावं म्हणून, आणि पुष्कळसे राहतातही. या फुलपाखरांच्या घराण्याला मात्र ते पचायला लागलं, आणि मग 'येऊ नका' म्हणून लावलेली पाटीच त्यांना पत्ता सांगू लागली. मादी पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी त्यावर भराभर टकटक करते. तिची चव पायात असते. चव पटली की पोट वाकवून एक अंडं चिकटवते आणि उडते. एका ठिकाणी एकच. मोहरीपेक्षाही लहान, फिकट पिवळा गोल मणी, बहुतेक वेळा शेंड्याच्या कोवळ्या पानावर.

शेंड्यालाच का, याचं उत्तर अर्धं आपल्या हातात आहे. जून पान नुकत्याच निघालेल्या अळीच्या जबड्याला झेपत नाही, तिला लुसलुशीत पालवी लागते. आणि अवेळी पालवी फुटते ती आपण शेंडा खुडल्यामुळे. शेंडा मोडला की खालचे डोळे जागे होतात, एकाच्या दोन फांद्या होतात, ऊन चांगलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत तांबूस हिरवी पालवी येते. फोडणीसाठी दर चार दिवसांनी खुडत राहायचं आणि मग अळ्या फारच वाढल्या म्हणून कुरकुरायचं, यात तिसऱ्या मजल्यावरचे माणूस आणि फुलपाखरू एकमेकांचे नोकर झालेले असतात, एवढंच.

अंड्यातून अळी ३-४ दिवसांत निघते, पहिला घास अंड्याच्या टरफलाचा. पुढचे साधारण दोन आठवडे ती खाते आणि कात टाकते, चार वेळा. चौथ्या कातीनंतर सोंग बदलतं. विष्ठेचं रूप जातं आणि दीड इंची, जाड, पानाच्याच रंगाची हिरवी अळी समोर येते. पुढचा भाग फुगीर, त्यावर खोटे डोळे. खरं डोकं खाली दडलेलं, इवलंसं. काडीने हलकेच डिवचलं तर मानेतून दुबेळक्यासारखी ओली लालसर शिंगं बाहेर येतात आणि चार दिवस उघड्यावर राहिलेल्या लोण्यासारखा खवट दर्प सुटतो. या दर्पाला मुंग्या वचकतात. शिंपी पक्षी फारसा वचकत नाही.

रोप उजाड होतं ते याच शेवटच्या चार-पाच दिवसांत. अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातला मोठा वाटा तेव्हा खाते, त्यामुळे काल बरं होतं आणि आज काड्या राहिल्या, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. अळ्या कालही होत्या, फक्त कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. दोन फुटी रोपावर एक-दोन अळ्या सहज खपतात, सात-आठ नाही. जास्त झाल्या तर पानासकट उचलून लिंबाच्या झाडावर सोडाव्यात. पानावरून सोलून काढायला जाऊ नये, पाय घट्ट रुतलेले असतात आणि अळी फाटते. उजाड झालेलं रोप मरत नाही. मुळं शाबूत असतील तर मूठभर शेणखत आणि रोजचं ऊन, बस. थंडीत मात्र त्याला घाई करू नये. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात कढीपत्ता रुसून बसतो, पानं पिवळी पडतात, आणि पाणी जास्त घालून लोक त्याची मुळं कुजवतात.

फवारणी? लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, हे सगळ्यांना पाठ आहे. मावा, म्हणजे शेंड्यातला रस शोषणारे बारीक किडे, त्याने आटोक्यात येतो. पण तेल मावा आणि अळी असा भेदभाव करत नाही. शिवाय ज्याचा वास हाच जीव, त्या पानाला कडुनिंबाचा वास लावून फोडणीत टाकायचं हे काही पटत नाही. माव्यासाठी संध्याकाळी पानांच्या पाठीवर नुसत्या पाण्याची जोरदार धार मारली तरी पुष्कळ काम होतं. दोन दिवसांनी पुन्हा मारावी लागते, इतकंच.

माव्याचं प्रकरण अळीपेक्षा जास्त गुंत्याचं आहे. मावा शेंड्यातला रस ओढतो आणि न पचलेली साखर मागून सोडतो. त्या चिकट गोडासाठी मुंग्या येतात आणि गवळ्याने म्हशी राखाव्यात तसा मावा राखतात. गोड सांडतं त्यावर काळी बुरशी धरते. विदर्भातले संत्रावाले तिला कोळशी म्हणतात. माव्यामागे ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, येतो. ठिपक्यांचा लालबुंद ढालकिडा सगळ्यांना आवडतो, फोटो निघतात. त्याचं पिल्लू मात्र राखाडी-काळं, नारिंगी ठिपक्यांचं, सुसर नखाएवढी केल्यासारखं दिसतं, आणि नवी कीड म्हणून ते हमखास चिरडलं जातं. मावा सर्वांत जास्त खाणारं तेच असतं. केसासारख्या बारीक दांडीवर टांगलेली पांढरी अंडी दिसली तर तीही पुसू नयेत, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या, मावा खाणाऱ्या किड्याची असतात. तीही आपल्याच बाजूची.

कोवळी पानं मुरडली आणि त्यांच्यावर मेणचट पांढरे दोरे दिसले, तर तो सिट्रस सायला हा रस शोषणारा किडा, ज्याला संत्र्याच्या पट्ट्यात सिल्ला असंही म्हणतात. कढीपत्त्याचं तो फारसं वाकडं करत नाही, पण संत्र्याला ग्रीनिंगचा, म्हणजे झाड हळूहळू खंगवणारा, रोग तोच पोचवतो. संत्र्याच्या बागेच्या बांधावर कढीपत्ता लावायचा म्हणजे चोराला ओसरी देणं. मुंबईच्या गॅलरीत हा प्रश्न नाही, तिथे मुरडलेला शेंडा कापून पिशवीत बांधून टाकला की झालं.

अळीकडे वळायचं तर, पोट भरलं की ती एक पातळ, ओली विष्ठा करते आणि झाड सोडून चालू लागते. मुलांनी बरणीत पाळलेल्या अळ्या 'आजारी पडल्या' असं वाटतं ते याच वेळी. आजार नसतो, जागेचा शोध असतो. बरणी रुंद तोंडाची हवी, वर मलमलचं फडकं, आत एक तिरपी काटकी. पान रोज ताजं, विष्ठा रोज झाडायची, तळाशी ओल राहू द्यायची नाही. बुरशी आली की अळी काळी पडून लोंबते. आणि बाजारचा कढीपत्ता घालायचा नाही. ती जुडी हिरवीगार, एकाही भोकाविना असते. अशा पानावर अळी कधी कधी एका दिवसात मरते. मग मुलं विचारतात की आपण तेच पान खातो ना, आणि घरातलं मोठं माणूस नळाखाली जुडी जरा जास्त वेळ धरू लागतं.

जागा सापडली की अळी शेपटाकडे रेशमाची गादी करते, पाठीमागून एक दोरा घेते आणि खांब चढणाऱ्या वायरमनसारखी त्या पट्ट्यात रेलून बसते. दुसऱ्या दिवशी कात जाते, कोष राहतो. हिरव्या डहाळीवर बहुधा हिरवा, भिंतीवर किंवा वाळक्या काटकीवर तपकिरी. आठ-दहा दिवसांनी सकाळी फुलपाखरू निघतं. पंख चुरगळलेले असतात. त्यांना लोंबायला जागा लागते, म्हणून ती काटकी. नसेल तर पंख तसेच वाळतात आणि काही करता येत नाही. खाली लालसर थेंब पडतात, ते रक्त नाही.

प्रत्येक कोषातून फुलपाखरूच निघेल असं नाही. नुकत्याच झालेल्या मऊ कोषात चिलटाएवढी परजीवी गांधीलमाशी अंडी घालते. कोष काळवंडतो, त्याला एक बारीक गोल भोक पडतं आणि आतून डझनावारी माश्या निघून जातात. मुलांना हे दाखवावं की नाही यावर घरोघरी दोन मतं असतात. दाखवावं.

कॉमन मॉर्मनचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी तीन तऱ्हेच्या: एक नरासारखीच, उरलेल्या दोन लाल ठिपक्यांच्या वेगवेगळ्या विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. एका नराच्या अनेक बायका दिसल्या म्हणून इंग्रजांनी, पूर्वी अनेक बायका करणाऱ्या अमेरिकेतल्या मॉर्मन पंथावरून, हे नाव चिकटवलं. या सोंगाची किल्ली एकाच जनुकात आहे, हे २०१४ साली फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. याच घराण्यातल्या ब्लू मॉर्मनला २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू केलं, फुलपाखराला असा मान देणारं आपलं पहिलं राज्य. तेही लिंबाच्याच कुळावर वाढतं. बेलावरही या घराण्याचा डोळा असतो. श्रावणात भोक नसलेलं त्रिदळ शोधताना जी दमछाक होते ती यांच्याच कृपेने.

झाडाला काळी फळं धरतात ती बुलबुल आणि कोकीळ नेतात. बी ताजं पडलं तर रुजतं, चार आठवडे डबीत ठेवलं तर बहुधा नाही. म्हणून विकत आणलेल्या बियांपेक्षा विजेच्या तारेखाली, जिथे पक्षी बसतात, तिथली रोपं उपटून आणलेली बरी.

आणि इतकं सगळं ज्या पानावर चाललेलं असतं, ज्याच्यासाठी सकाळी अळ्यांवर आरडाओरडा होतो, ते पान पोह्यांत आल्यावर आपण चिमटीत धरतो आणि ताटाच्या कडेला काढून ठेवतो. अळी निदान खाते तरी.

तोडण्याआधी पान उलटसुलट करून अंडं आहे का ते बघावं. पण तेल तापल्यावर कोण बघतं.