‘शेवट पटत नाही’ : नकाराच्या पत्रातली एक ओळ

दिवाळी अंकासाठी कथा मे-जूनमध्ये पाठवावी लागते. उत्तर आलंच तर गणपतीच्या आसपास, आणि बहुतेकदा नुसतं ‘साभार परत’. त्यातून शिकण्यासारखं काही नसतं. यंदा एका संपादकांनी नकारासोबत तीन ओळी लिहिल्या. त्यातल्या ‘शेवट पटत नाही, अचानक येतो’ या ओळीने मला दीड महिना अडकवून ठेवलं. मग काय करायचं, हे लिहिलंच नव्हतं. फार चिडचिड झाली.

आधी मी शेवटच बदलत बसले. चार शेवट लिहिले, चारही उपरे वाटले. संपादकाला कुठे खटकलं ते तो बहुधा अचूक सांगतो, पण बिघाड कथेत बराच आधी झालेला असतो. म्हणून मूळ शेवट परत ठेवला आणि कथा शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत आले. कथा चौदा पानांची, शेवटी बाप शेत विकतो. त्या विक्रीला कारण ठरणारी प्रत्येक गोष्ट पेन्सिलने अधोरेखित केली. गावातल्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा पहिला उल्लेख निघाला अकराव्या पानावर! दहा पानं बाप निवांत दिसत होता, मग वाचकाला विक्री पटणार कशी? सोसायटीची नोटीस दुसऱ्या पानावर आणली. ती कोणी वाचून दाखवत नाही. बाप तिची घडी करून पंचांगात ठेवतो आणि पोराला बैलांना पाणी दाखवायला पिटाळतो. आठव्या पानावर पोरगा तिथी बघायला पंचांग उघडतो. सुरुवातीचं दीड पान गाववर्णन काढून टाकलं. शेवटाचा एक शब्दही बदलावा लागला नाही, याचा मला आनंद आहे.

‘अंकाच्या प्रकृतीत बसत नाही’ असं असेल तर कथेला हात लावू नका, दुसरीकडे पाठवा. दोन संपादकांनी एकाच जागी बोट ठेवलं तर मात्र दोष तिथेच आसपास आहे. ‘दुरुस्त करून पाठवा’ असे शब्द असतील तरच तीच कथा त्यांच्याकडे परत पाठवायची, आणि काय बदललं ते दोन ओळींत सांगायचं. वाद घालणारं उत्तर कधीच नाही.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत. ते मासिक 1982मध्ये बंद पडलं. आज ढीगभर कथा वाचून कोणी तीन ओळी लिहितो, त्याचे आभार मानायलाच हवेत.

हे आधी सांगायला हवं होतं: पत्र आल्यावर चार दिवस कथा उघडू नका. आणि जुना खर्डा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. माझं काढलेलं दीड पान दुसऱ्या कथेत कामी आलं.