राखी-पिंटूची पेलेट बदलली, सहा आठवड्यांची नोंद (फोंडा, गोवा)

तर मंडळी, राखी आणि पिंटू हे माझे दोन चिंचिला (गवत खाणारे छोटे केसाळ प्राणी). आज सहा आठवडे झाले आणि दोघंही नवीन पेलेटवर, म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या दाण्यांवर, पूर्णपणे आलेत. राखी 560 ग्रॅम, पिंटू 498. सुरुवात केली तेव्हा राखी 572 होती आणि पिंटू 490. राखीचे 12 ग्रॅम कमी झालेत त्याची मला काळजी नाही कारण तिच्या अंगावर बियांची चरबीच होती, पण पिंटूचे 8 वाढले हे बघून खरंच खूप बरं वाटलं.

आधी काय चालू होतं ते सांगते, नवीन पाळणाऱ्यांच्या उपयोगाला येईल. मी वर्षभर रंगीत मिक्स घालत होते, त्यात सूर्यफुलाच्या बिया, मका, सुक्या पपईचे तुकडे आणि मधेमधे हिरवी पेलेट. दुकानात सांगितलं की चिंचिला हेच खातात आणि मी विश्वास ठेवला. दोघं रोज बिया आणि पपई वेचून खायचे, पेलेट तशीच वाटीत, आणि मला वाटायचं भूक भागली नाही म्हणून मी वरून आणखी घालायचे. परिणाम काय तर गवत जवळजवळ बंद आणि लेंड्या मऊ, चिकट. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दाढा अजून ठीक आहेत पण असंच चालू राहिलं तर वाढतील. चिंचिलाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत तासन्‌तास चावून. पेलेट तोंडात लगेच भुगा होते, तिने दात झिजत नाहीत. म्हणून पेलेट कितीही चांगली आणा, ती गवताच्या जोडीला, गवताऐवजी नाही. हे प्राणी मूळचे अँडीजच्या कोरड्या डोंगरातले, जाडंभरडं गवत, साली, झुडपं खाऊन जगणारे, त्यांच्या आतड्याला साखर आणि तेल झेपतच नाही.

मग पिशव्या वाचायला बसले. पुढचं चित्र सोडा, मागची यादी वाचा, कारण जे जास्त असतं ते आधी लिहिलेलं असतं. पहिलं नाव टिमोथी गवत किंवा अल्फाल्फा हवं (अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघासच). मका, काकवी, बिया, सुकं फळ यातलं काही दिसलं की पिशवी परत फळीवर. तंतू म्हणजे फायबर 18 टक्क्यांच्या वर, फॅट 2 ते 5 च्या आसपास आणि सगळे दाणे एकसारखे, म्हणजे वेचायला काही उरतच नाही, हा मुद्दा माझ्या दोघांसाठी सगळ्यात महत्त्वाचा ठरला. पिल्लं असतील किंवा मादी गाभण असेल तर अल्फाल्फावाली चालते कारण त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम जास्त, पण माझे दोघं मोठे, त्यामुळे मी टिमोथीवाली घेतली. चिंचिलाची वेगळी मिळाली नाही तर बिया-रंग नसलेली साधी सशाची पेलेटसुद्धा चालते, उगाच हॅमस्टरचं मिक्स आणू नका.

बदल एकदम केला नाही. पहिला आठवडा जुन्यातली पेलेट तीन भाग, नवी एक भाग, बिया पहिल्याच दिवशी बंद. दुसऱ्या आठवड्यात अर्धं-अर्धं केलं आणि पिंटूच्या लेंड्या बारीक झाल्या, मी घाबरले, परत एक पायरी मागे आले आणि तिथेच पाच दिवस थांबले. रोज सकाळी पिंजऱ्याचा ट्रे बघायचा, लेंड्या कमी झाल्या किंवा प्राणी खायचाच थांबला तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर, कारण यांचं पोट थांबलं की जिवावर बेततं. वजन दर रविवारी, किचनच्या काट्यावर डबा ठेवून. आता दोघांना रोज संध्याकाळी एकेक मोठा चमचा सपाट, आणि गवत चोवीस तास.

आता गोव्याचा खरा प्रश्न, पाऊस. जूनपासून आपल्याकडे मीठसुद्धा पाणी सोडतं, पापड दुपारपर्यंत मऊ, मग पेलेटचं काय होणार? मी स्वस्त पडते म्हणून आधी मोठी पिशवी घेतली होती, क्लिप लावून स्वयंपाकघरात ठेवली आणि तीन आठवड्यांत कुबट वास. बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी वास येतो. चिंचिलाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं बाहेर काढायचा मार्ग नाही, म्हणून मी ती अर्धी पिशवी सरळ फेकली. आता दाणा दोन बोटांत मोडून बघते, कट्‌ आवाज करून तुटला तर ठीक, दाबल्यावर नुसता दबला तर फेकायचा. साठवण घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, त्यांच्याच एसीच्या खोलीत. फ्रिजमध्ये ठेवून बघितलं पण बाहेर काढलं की डब्याला आतून घाम येतो, नकोच ते. आणि पिशवीवरची तारीख बघताना संपण्याची नाही, बनवल्याची बघा, जुन्या मालात जीवनसत्त्वं कमी झालेली असतात.

आईला अजून वाईट वाटतं, गरीब बिचारे रोज तेच तेच खातात म्हणते, तिने दोनदा मनुका पुढे केल्या. तिला ट्रेमधल्या आधीच्या आणि आताच्या लेंड्यांचे फोटो दाखवले, आता ती टिमोथीची काडी हातात धरून भरवते आणि राखी तिच्याकडून लगेच घेते.

पुढची नोंद चवथीनंतर, तेव्हा दाढांची परत तपासणी आहे. फोंडा-मडगाव बाजूला कोणाकडे चिंचिला असेल तर एक किलोची पिशवी अर्धी-अर्धी वाटून घ्यायला मी तयार आहे, पावसाळ्यात दोघांना एक किलो संपता संपत नाही.