३४ अंशांना फसू नका

नागपूर-चंद्रपूरची माणसं मुंबईच्या उन्हाळ्याला हसतात. तिकडे ४५ आणि इथे ३४, यात कसला आलाय उन्हाळा? पण शरीर थंड होतं ते घाम येऊन नव्हे, घाम उडून जाऊन. इथल्या दमट हवेत तो नीट उडतच नाही, बनियन भिजवून अंगावरच राहतो. पाणी जातं, मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. हवामान खातंसुद्धा उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागाला ४० अंशांची अट लावतं आणि किनारपट्टीला ३७ची.

मे महिन्याची वाटही पाहू नका. मार्चमध्ये जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, खारा वारा दुपारपर्यंत आत शिरत नाही आणि पारा ३८-३९वर जातो. नेमकी याच सुमारास होळी-शिमग्याला गावी गेलेली माणसं बांधकामाच्या साइटवर परततात. उन्हाची सवय आठवडाभराच्या सुट्टीत बरीच उतरते, आणि उन्हाने दगावणाऱ्यांत कामाच्या पहिल्या काही दिवसांतलेच खूप असतात. म्हणून अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम २० टक्केच द्यावं आणि रोज २० टक्के वाढवावं. जुना हात सुट्टीवरून आला असेल तर ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. मुकादमाला हे रुचत नाही, कारण हजेरी पूर्ण भरावी लागते. मग उरलेल्या वेळात त्याला खाली पार्किंगच्या सावलीत सळ्यांच्या रिंगा वळायला बसवा, सामान मोजायला लावा. स्लॅबवर चढवू नका.

पाण्याचा हिशोब बहुतेक साइटवर चुकतो. उन्हात राबणाऱ्याला दर वीस मिनिटांनी पाव लिटर, म्हणजे तासाला पाऊण लिटर पाणी लागतं. दहा माणसांना साडेसात लिटर. २० लिटरचा जार पावणेतीन तासांत संपला पाहिजे. सकाळचा जार संध्याकाळी अर्धा उरला असेल तर पाण्याची बचत झालेली नाही, माणसं तहानलेली राहिली आहेत. जार कामापासून दोन मजले खाली असेल तर कोणी उतरत नाही, तोही वर न्या. उलट टोकही वाईट: तासाला दीड लिटरपेक्षा जास्त नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. लघवी लिंबूपाण्यासारखी फिकी असेल तर ठीक. गडद पिवळी झाली तर सावली गाठून पाणी प्या, तपकिरी झाली तर थेट डॉक्टर.

दिवसभर घाम गळत असेल तर अधूनमधून ताक, मीठ घातलेलं कोकम सरबत किंवा ओआरएस घ्या. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं. ते ग्लासभर पाण्यात ओतलं की फार तीव्र होतं आणि जुलाबच लागतात. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. बीपी किंवा किडनीचा आजार असलेल्यांनी मिठाचं आणि आपल्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

आणखी एक, घामाने ओल्या हाताला विजेचा झटका जास्त बसतो. ड्रिल, ग्राइंडर ज्या बोर्डावर चालतात तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, हवीच.

बाइकवरून पार्सल पोचवणाऱ्यांना हेल्मेटखाली ओला पातळ रुमाल कामाला येतो, कारण वाऱ्याने तो वाळतो. सिग्नलला थांबलात की फायदा संपला, वर इंजिनची धग पायाला लागते. तिथे इंजिन बंद करा. झाडाची किंवा पुलाची सावली वीस फूट मागे असेल तर तिथेच थांबा. हॉर्न वाजवणारे वाजवोत. हेल्मेटचा पट्टा मात्र सैल सोडू नका. टायरची हवा सकाळी गाडी गार असताना तपासा. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतोच, म्हणून हवा सोडली तर रात्री टायर कमी हवेवर पळतो आणि आणखी तापतो. रोजचं वळण चुकलं, ब्रेक उशिरा लागला, पार्सलचा पत्ता दोनदा वाचावा लागला, तर ऊन डोक्यात शिरायला लागलंय असं समजा. ऑर्डर राहू दे, सावलीत बसा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देतोय, अंग भाजतंय, तर तो उष्माघात. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, हा समज घातक आहे. राबताना होणाऱ्या उष्माघातात घाम येत असू शकतो. क्रोसिनने हा ताप उतरत नाही. एकाने १०८ लावावा, बाकीच्यांनी सावलीत नेऊन बूट-शर्ट उतरवून बादल्याच्या बादल्या पाणी ओतावं, पुठ्ठ्याने वारा घालावा. मासळीवाल्याकडचा किंवा सरबताच्या गाडीवरचा बर्फ कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत लावावा. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं. रिक्षा मिळाली म्हणून पाणी ओतणं अर्ध्यावर सोडून निघू नका. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गार करणं चालूच ठेवा. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर असाल तर १०८ला पुलाचं नाव सांगा आणि बोरिवलीकडे जाणारी बाजू की वांद्र्याकडे जाणारी तेही. समोरच्या बाजूला आलेल्या गाडीला वळून यायला फार लांबचा फेरा पडतो.