अचानक पडलेली गाठ आणि मागावर आलेला प्राणी

रानवाटांवर पायी फिरणाऱ्या माणसाला धोकादायक प्राण्यांविषयी जे सल्ले मिळतात, ते बहुतेक वेळा एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे असतात. एक जण सांगतो की निपचित पडून राहा, दुसरा सांगतो की हाताला लागेल त्या वस्तूने झुंज द्या. एकाच्या मते काहीही झाले तरी पळायचे नाही, तर दुसऱ्याच्या मते मूस, म्हणजे थंड प्रदेशातले मोठे सांबरासारखे हरीण, अंगावर आला तर खुशाल पळावे. हे सगळे सल्ले आपापल्या जागी बरोबरच आहेत. अडचण अशी की जनावर समोर उभे असताना कोणता सल्ला कोणत्या जनावराचा हे आठवत बसायला सवड नसते, आणि घाबरलेल्या माणसाला ‘काळे अस्वल’ या जातीतले तांबूस रंगाचे अस्वल आणि तपकिरी अस्वल यांतला फरक ओळखता येईल अशी अपेक्षा करणेही फारसे शहाणपणाचे नाही. म्हणून माझे मत असे झाले आहे की प्राण्याची जात हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की आपण नकळत त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिलो, की तो आपल्या मागावर आला.

यांपैकी पहिला प्रकार कितीतरी अधिक आढळतो. जगभरातल्या तपकिरी अस्वलांनी २००० ते २०१५ या काळात माणसांवर केलेल्या ६६४ हल्ल्यांचा एकत्रित अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले जवळपास निम्मे हल्ले पिल्ले सोबत असलेल्या माद्यांनी केलेले होते आणि आणखी सुमारे पंचमांश हल्ल्यांचे कारण केवळ अनपेक्षित गाठ हे होते. म्हणजे या अस्वलांना माणूस खायचा नव्हता. त्यांना तो समोरून नाहीसा व्हायला हवा होता. या सर्व ६६४ हल्ल्यांतली सुमारे १४ टक्के माणसे दगावली, ही गोष्ट लहान नाही. पण उरलेली वाचली ती बहुधा यामुळेच, की धोका टळला असे वाटताच अस्वलाचा त्यांच्यातला रस संपला.

बिथरलेले अस्वल आपली मनःस्थिती लपवत नाही. ते जबडा आपटून कटकट असा आवाज करते, जोराने फुत्कारते, त्याच्या तोंडाला लाळ सुटते, ते पुढचे पंजे जमिनीवर मारते आणि डोके खाली घालून एका बाजूला वळवते. त्यानंतर ते धावून येते ते पुष्कळदा हूल देण्यापुरतेच, आणि काही पावलांवर थांबते किंवा बाजूने निघून जाते. मागच्या दोन पायांवर उभे राहिलेले तपकिरी अस्वल पाहून लोकांची गाळण उडते, पण ते तसे उभे राहते ते बहुधा नीट पाहण्यासाठी आणि वास घेण्यासाठी. खाली कान पाडून थेट रोखून पाहणाऱ्या अस्वलाची मला त्याहून अधिक धास्ती वाटते. अशा वेळी पळणे निरर्थक असते. ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतले तपकिरी अस्वल, ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकते, म्हणजे ३० मीटरचे अंतर ती दोन सेकंदांत कापते; शिवाय पाठ दाखवून पळणारी वस्तू ही तिच्या दृष्टीने पाठलाग करण्याजोगी वस्तू ठरते. हळू आवाजात बोलत, तिरके तिरके मागे सरकत अंतर वाढवणे एवढेच करण्यासारखे असते, आणि प्रत्यक्ष अंगाला अंग भिडले तरच पालथे पडून, बोटे मानेमागे गुंफून, पाय फाकवून पडून राहायचे असते. पाठीवरची सॅक काढायची नाही, कारण त्या क्षणी तीच कण्याची ढाल असते. अस्वल दूर गेले असे वाटताच उठण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण पुष्कळदा ते थोड्या अंतरावर थांबून पाहत असते आणि हालचाल दिसली की परत येते.

भारतात आणि श्रीलंकेत आढळणारे लांब केसांचे, वाळवी खाणारे अस्वल या प्रकाराचे अगदी टोकाचे उदाहरण आहे. त्याची नजर अधू असते, आणि वारूळ उकरताना व तोंडाने हवा ओढून वाळवी शोषताना ते स्वतःच इतका आवाज करते की माणसाची चाहूल त्याला फार उशिरा लागते. वाघाच्या शेजारात वाढलेला हा प्राणी पळून जाण्यापेक्षा उलटून चाल करण्यावर भिस्त ठेवतो, आणि त्याचा रोख पुष्कळदा माणसाच्या डोक्यावर व चेहऱ्यावर असतो. हे अस्वल आकाराने ग्रिझलीपेक्षा लहान आहे म्हणून त्याला कमी लेखणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांतले कोणीही ते राहते त्या रानात राहणारे नव्हते.

हत्तीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारावा लागतो, फक्त खुणा वेगळ्या असतात. कान पसरून, डोके उंच धरून, चीत्कार करत येणारा हत्ती अनेकदा धाक दाखवत असतो. कान मानेला चिकटवून, सोंड आत वळवून, आवाज न करता येणारा हत्ती धाक दाखवत नसतो. मात्र या खुणांवर जीव पणाला लावून पैज मारू नये, कारण हूल आणि खरी चाल यांच्यात हत्ती मध्येच बेत बदलू शकतो.

दुसरा प्रकार विरळ आहे, पण त्याचे नियम संपूर्ण उलटे आहेत. उत्तर अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांनी १९०० ते २००९ या काळात ६३ माणसांना मारल्याची नोंद आहे, आणि त्या घटना तपासणाऱ्या संशोधकांना असे आढळले की त्यांतल्या बहुसंख्य घटनांत अस्वल माणसाकडे भक्ष्य म्हणूनच आले होते. तेही बहुतेक वेळा एकटा नर, पिल्लांची आई नव्हे. असे अस्वल जबडा आपटत नाही आणि पंजेही मारत नाही. ते शांतपणे मागून येते, आपण वाट सोडली की तेही सोडते, झाडाआड जाते आणि पुन्हा अधिक जवळ दिसते. त्याच्यापुढे मेल्याचे सोंग घेणे म्हणजे त्याचे काम सोपे करणे होय. येथे ओरडायचे, उंच जागी चढायचे, दगड मारायचे, आणि ते भिडलेच तर त्याच्या नाकाडावर व डोळ्यांवर मिळेल त्या वस्तूने प्रहार करत राहायचे. प्यूमाच्या, म्हणजे अमेरिका खंडातल्या मोठ्या रानमांजराच्या, बाबतीत हेच लागू पडते, त्यात एवढीच भर की त्याच्यावरची नजर हटवायची नाही आणि लहान मूल सोबत असेल तर शक्य तितके न वाकता त्याला उचलून घ्यायचे, कारण वाकलेला माणूस चार पायांच्या सावजासारखा दिसतो. वाघ आणि प्यूमा दोघेही मागून येणे पसंत करतात. १९८६ मध्ये सुंदरबनात मध आणि लाकूड आणायला जाणाऱ्या माणसांना डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधायला दिले गेले, ते याच आधारावर की पाहिले जात आहोत असे वाटले तर वाघ कचरतो, आणि सुरुवातीच्या काळात त्याचा उपयोगही झाला.

मागावर येणाऱ्यांत मगर सर्वांत फसवी आहे, कारण ती काहीच करताना दिसत नाही. खाऱ्या पाण्यातली मगर माणसाच्या सवयी टिपते. एकाच जागी रोज पाणी भरायला किंवा मासे साफ करायला जाणारा माणूस तिला वेळापत्रक शिकवत असतो. उत्तर ऑस्ट्रेलियात पाण्याच्या कडेपासून निदान ५ मीटर दूर राहायला सांगतात ते यासाठीच.

शाकाहारी प्राण्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण त्यांच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा माणसाची असते आणि ती फोटोसाठी असते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात इतर कोणत्याही प्राण्यापेक्षा अधिक माणसे बायसनमुळे, म्हणजे तिथल्या गव्यासारख्या रानबैलामुळे, जखमी झाली आहेत. तेथील नियम अस्वले व लांडगे यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि बायसनपासून २५ यार्ड, म्हणजे सुमारे २३ मीटर अंतर राखायला सांगतो. मूसचे कान मागे गेले आणि मानेवरचे केस उभे राहिले की मोठ्या झाडाआड पळावे. तो सहसा फार लांबवर पाठलाग करत नाही.

आता साधनांविषयी. बेअर स्प्रे म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याचा दाबाखाली भरलेला डबा. अलास्कात १९८५ ते २००६ या काळातल्या ८३ प्रसंगांच्या अभ्यासात, तो सोबत असलेल्या माणसांपैकी ९८ टक्क्यांना अस्वलाकडून इजा झाली नव्हती. बंदुकीबाबतच्या नंतरच्या अभ्यासात मात्र बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांच्या इजांत ठळक फरक आढळला नाही, आणि मला ते नवलाचे वाटत नाही, कारण धावत्या अस्वलाचा नेम धरण्यापेक्षा त्याच्या वाटेत ढग उभा करणे सोपे आहे. पण तो ढग उभा करायलाही हाताला सवय हवी. सरावासाठी तिखटाविना भरलेले डबे मिळतात. मी असा एक डबा हातमोजे घालून वापरून पाहिला आहे. वरची प्लास्टिकची पकड अंगठ्याने आधी मागे ओढावी लागते आणि मगच खटका दाबला जातो. जाड हातमोज्याला ती पकड जाणवतच नाही, त्यामुळे डोळ्यांनी खाली पाहावे लागते, आणि नेमके तेव्हाच खाली पाहायचे नसते. खोडाला अस्वल मानून फवारा मारला तेव्हा बाजूच्या झुळकीने तो खोडापर्यंत पोचण्याआधीच डावीकडे वाकला. म्हणून फवारा अस्वलाच्या तोंडावर नव्हे, तर त्याच्या पुढच्या जमिनीच्या दिशेने, ते सात-आठ मीटरवर असताना मारायचा असतो, म्हणजे ते स्वतःच त्यात शिरते. डबा सॅकच्या आत असेल तर तो नसल्यासारखाच आहे. काही लोक तो डास पळवण्याच्या औषधासारखा तंबूवर आणि कपड्यांवर मारून ठेवतात. हे सर्वस्वी चुकीचे आहे. जमिनीवर पडलेल्या फवाऱ्याच्या अवशेषात अस्वले येऊन लोळताना अलास्कात पाहिली गेली आहेत.

साधनापेक्षा कान आणि नाक यांचा उपयोग अधिक. ओढ्याच्या खळाळात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात आपली चाहूल पुढे पोचत नाही, तेव्हा वळणाआधी मोठ्याने बोलावे. सॅकला बांधलेल्या घुंगरांपेक्षा माणसाचा आवाज अधिक दूर जातो. कावळे एका जागी उतरत-उडत असतील किंवा कुजका वास आला, तर तेथे मेलेले जनावर आहे आणि त्याचा मालकही आसपास आहे असे धरून आल्या वाटेने परतावे. मोकळा सोडलेला कुत्रा पुढे जाऊन अस्वलाला डिवचतो आणि मग ते मागे लागले की धन्याकडेच धाव घेतो, त्यामुळे दोरी सोडू नये.

हे दोन प्रकार कधीकधी एकमेकांत मिसळतात, आणि ते मिसळण्याचे मुख्य कारण अन्न आहे. १३ ऑगस्ट १९६७ च्या पहाटे अमेरिकेतल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, एकमेकांपासून दूर असलेल्या दोन मुक्कामांवर, दोन वेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींना मारले. दोन्ही ठिकाणची अस्वले माणसांच्या उष्ट्याखरकट्याला सरावलेली होती. एका ठिकाणी तर ते उरलेसुरले अन्न अस्वलांपुढे टाकले जाई आणि पाहुणे तो देखावा पाहत. या रात्रीनंतर उद्यानांतले कचऱ्याचे आणि मुक्कामाचे नियम कडक झाले. म्हणूनच स्वयंपाकाची जागा तंबूपासून दूर ठेवायची, अन्नाबरोबर टूथपेस्ट आणि साबणही बंद डब्यात किंवा उंच टांगून ठेवायचे, आणि ज्या कपड्यांत मासे तळले ते घालून झोपायचे नाही. आणि इतके करूनही रात्री एखादे अस्वल तंबूत शिरले, तर त्याला कोणीही दचकवलेले नसते, ते आपण होऊन आलेले असते. ते ग्रिझली असले तरी तेथे निपचित पडून राहायचे नाही, सर्व शक्तीनिशी प्रतिकार करायचा. त्यासाठी स्प्रे आणि बॅटरी उशाशी, रोज त्याच बाजूला, अंधारात हात थेट पडेल अशी ठेवावी.