व्होल्टेज बरोबर, सूर उतरलेला

मिरजेचे एक जुने सतारमेकर चाचा माझ्या सांगलीच्या दुकानात आले. मुलगा जपानला नागोयात नोकरीला. त्याने तिथून जुना रेकॉर्ड प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर आणलेला. "सूर उतरलाय," चाचा म्हणाले. "सगळे म्हणतात, चाचा, तुमचा कान गेला. तू तरी नीट ऐक."

आधी दोन मेकॅनिक होऊन गेले होते. एकाने पट्टा बदलला, दुसऱ्याने मोटरला तेल दिलं. व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरला मीटर लावून दोघांनीही "व्होल्टेज बरोबर आहे" असं सांगितलं. ते तरी कुठे बरोबर होतं! जपानात घरगुती लाइन 100 व्होल्टची, आणि बाजारात सर्रास मिळतो तो 110 चा कन्व्हर्टर. रात्री लोड उतरला की आपल्याकडे 230 चे 245 होतात आणि त्या डब्यातून 117 बाहेर पडतात. प्लग काढून इनपुट-आउटपुटमध्ये मीटर धरला, तर बझर वाजला. म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर, दोन्हीकडे एकच वाइंडिंग. न्यूट्रलकडची तार आत तुटली, तर 230 सरळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. विकणारा हे सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. चालू झालं की लोकांना पुरतं.

मग चाचांनी तबकडी लावली. गायकाची पट्टी काळी एक, हे त्यांना पाठ. सोबत आणलेल्या पेटीवर त्यांनी सूर धरला, तर तो खालच्या काळी पाचलाही नीट बसेना, आणखी किंचित खालीच राहत होता. तीन पट्ट्या आणि वर थोडं! एवढा फरक पट्टा सैल झाल्याने पडत नाही. साठाला पन्नास, हे प्रमाण मला तिथेच दिसलं.

जपानात पूर्वेला, टोकियोकडे, विजेची फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तनं, 50 हर्ट्झ आणि पश्चिमेला 60. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन, ते आजतागायत तसंच आहे. नागोया 60 च्या भागात. या प्लेअरची मोटर चार पोलची सिंक्रोनस, म्हणजे लाइनच्या फ्रिक्वेन्सीवरच वेग ठरणारी, 60 वर मिनिटाला 1800 फेरे, आपल्या 50 वर 1500. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. (क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे स्वतःच्या क्रिस्टलवर वेग धरणारा प्लेअर असता, तर हा प्रश्नच आला नसता.)

लेबलवर 50/60 दोन्ही होतं, त्यामुळे मोटर ठेवून फक्त पुली, म्हणजे मोटरवरची पट्ट्याची चकती, बदलायची होती. जुनी साडेचार मिलिमीटरची. तिची सरळ सव्वापट नाही, 1.2 पट करायची, तर 5.4 येतात. पण पट्ट्याची जाडी अर्धा मिलिमीटर, आणि वेग ठरतो तो पट्ट्याच्या मध्यावर. म्हणून साडेचार अधिक अर्धा, त्याची 1.2 पट, त्यातून अर्धा वजा: 5.5. हा दशांश सोडला असता, तर तबकडी जवळजवळ पावणेदोन टक्के हळू फिरली असती आणि चाचांनी ती पहिल्याच आलापात पकडली असती. कुपवाडच्या लेथवाल्याने पितळेत ती इतकी साफ काढून दिली की हात लावायची गरज पडली नाही. मिनिटाला 45 फेऱ्यांच्या तबकड्यांसाठीची पुलीची पायरीही तशीच काढली.

कन्व्हर्टरच्या जागी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे इनपुट-आउटपुटची वाइंडिंग वेगवेगळी असलेला, मी स्वतः गुंडाळला. प्रायमरीला (इनपुटला) 230 आणि 245 चे टॅप, सेकंडरी (आउटपुट) 100, लोडच्या दुप्पट क्षमतेचा.

दुकानातल्या निऑन दिव्याखाली स्ट्रोब कार्ड, म्हणजे वेग तपासायचं रेघांचं कार्ड, फिरत्या प्लेअरवर ठेवलं. 50 हर्ट्झच्या कड्यात मिनिटाला 33⅓ फेऱ्यांसाठी 180 रेघा असतात, वेग बरोबर असला की त्या थांबलेल्या दिसतात. त्या जागच्या जागी थांबल्या. चाचांनी कार्डाकडे बघितलंही नाही. पेटीची काळी एक दाबून डोळे मिटले आणि म्हणाले, "हां, आता घरी आला."

मला अजून खटकतं ते हे, की सूर किती उतरला हे त्यांना पहिल्या दिवसापासून नेमकं ठाऊक होतं. मेकॅनिकांपैकी एकानेही "किती?" असं विचारलं नाही. तो आकडा ऐकला असता, तर दोष मीटर न लावताच कळला असता.

अ‍ॅम्प्लिफायर मात्र महिनाभर रात्री 117 पर्यंत जाणाऱ्या त्या कन्व्हर्टरवर चाललाय. जादा व्होल्टेजने त्याचे फिल्टर कपॅसिटर बिघडलेत का, ते मला उघडून बघायचंय. चाचा म्हणतात, चांगला वाजतोय, कशाला खोलतोस. अजून आणलेला नाही. या आठवड्यात मीच मिरजेला जाऊन घेऊन येतो.